कारकुनाची रोजनिशी आणि राज्याचे दफ्तर

मुंबईच्या इतिहासात १८६१ ते १८६५ ही वर्षे कापसाच्या तेजीची म्हणून ओळखली जातात. अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा आटला. साहजिकच इंग्लंडच्या गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव मिळू लागला, मुंबईत पैशाचा ओघ सुरू झाला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग चढ्या दराने विकले गेले आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये हा सारा डोलारा कोसळला.

ज्या युद्धाचे लाभ आणि चटके असे आपल्या बाजारापर्यंत पोचले, ते युद्ध प्रत्यक्ष तेथील एका सरकारी कचेरीतून कसे दिसत होते, हे सांगणारी एक रोजनिशी आज उपलब्ध आहे. जॉन बोशँप जोन्स या कारकुनाने ती लिहिली. तो सेनापती नव्हता, मंत्रीही नव्हता. दक्षिणेच्या शासनाच्या युद्धखात्यात येणारी पत्रे वाचणे, त्यांची उत्तरे तयार करणे, परवाने देणे हे त्याचे काम. तथापि त्या युद्धाचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकारांना आजही त्याच्या नोंदींकडे वळावे लागते. असे का व्हावे, आणि अशा खाजगी कागदांवर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. शासकीय कागदपत्रांशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना, तसेच इतिहास शिकविणाऱ्यांना तो उपयुक्त ठरावा.

युद्धाची पार्श्वभूमी

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलामगिरीत होती व त्यांपैकी बहुतेक दक्षिणेकडील राज्यांत होती. नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. गुलामगिरीचा नव्या प्रदेशात विस्तार होऊ नये, ही त्यांच्या पक्षाची भूमिका होती. त्यांनी सूत्रे हाती घेण्यापूर्वीच सात राज्ये संघराज्यातून फुटली आणि पुढे ही संख्या अकरावर गेली. या राज्यांनी जेफर्सन डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली 'कॉन्फेडरेट' राज्यसंघ स्थापन केला. त्याची राजधानी प्रथम माँटगोमेरी येथे होती व १८६१ च्या मे अखेरीपासून ती व्हर्जिनियातील रिचमंड येथे आली. चार वर्षांच्या या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले.

लेखक कारकून झाला

जोन्सचा जन्म १८१० मध्ये बाल्टिमोर येथे झाला. कादंबरीकार व वृत्तपत्राचा संपादक म्हणून त्याला थोडेफार नाव मिळाले होते. युद्धाच्या आधी फिलाडेल्फियातून तो दक्षिणेची बाजू मांडणारे साप्ताहिक चालवीत असे व जवळच न्यू जर्सीतील बर्लिंग्टन गावी राहत असे. युद्धाला तोंड लागण्याची चिन्हे दिसताच एप्रिल १८६१ मध्ये घरदार मागे ठेवून तो दक्षिणेकडे निघाला. रोजनिशीची पहिली नोंद ८ एप्रिल १८६१ ची आहे. एक्कावन्नाव्या वर्षी हाती शस्त्र धरणे आपल्याला जमणार नाही, परंतु या उलथापालथीची रोजनिशी आपण लिहू व ती जपून ठेवू, असा संकल्प त्याने प्रारंभीच नोंदविला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही रोजनिशी नोकरी करता करता सहज लिहिली गेलेली नाही. ती लिहिता यावी म्हणूनच त्याने युद्धखात्यातील नोकरी मागितली, आणि आपला हा हेतू वरिष्ठांपासून लपवूनही ठेवला नाही. लवकरच त्याची पत्नी व मुले रिचमंडला आली. एक मुलगाही पुढे सरकारी कारकून झाला आणि कचेऱ्यांतील नोकरांची जी पलटण शहराच्या रक्षणासाठी उभारण्यात आली होती, तिच्यातही त्याला जावे लागले.

टेबलावरून जाणारे कागद

युद्धाच्या चार वर्षांत दक्षिणेचे युद्धमंत्री वारंवार बदलले. वॉकर, बेंजामिन, रँडॉल्फ, सेडन आणि अखेरीस ब्रेकिनरिज असे एकामागून एक मंत्री आले. कारकून मात्र आपल्या टेबलाशी तोच राहिला. मंत्र्यांपुढे जाणारी पत्रे त्याच्या हातून जात: आघाडीवरील सेनानींच्या मागण्या, राज्यपालांच्या तक्रारी, मुलाला सैन्यातून सोडा अशी विनवणी करणारी आईबापांची पत्रे, ठेकेदारांचे अर्ज. दिवसा वाचलेल्या कागदांचा सारांश व त्यावरील आपले मत तो रोजनिशीत टिपून ठेवी.

काही काळ त्याच्याकडे परवाने देण्याचेही काम होते. राजधानीतून बाहेर जावयाचे, विशेषतः सीमा ओलांडून उत्तरेत जावयाचे, तर परवाना लागे. वशिल्याने परवाने मिळवून हेर व तस्कर खुशाल ये-जा करतात, अशी त्याची सततची तक्रार होती. परवान्यांच्या अधिकारावरून शहराचा बंदोबस्त पाहणारे जनरल विंडर यांच्या माणसांशी त्याचे खटकेही उडत. खात्याखात्यांतील अधिकारांचा वाद, शिफारसपत्रांचा ढीग, वरून आलेला तोंडी आदेश आणि फायलीत राहिलेला लेखी आदेश यांतील तफावत, या गोष्टी कोणत्याही देशातील कचेरीत काम केलेल्या माणसाला अपरिचित वाटणार नाहीत. राज्याचा अधिकृत इतिहास त्यांची दखल घेत नाही. कारकून घेतो, कारण त्याचा दिवस त्यातच जात असतो.

पगार आणि बाजार

तथापि या रोजनिशीचे सर्वांत मोठे मोल तिच्यातील बाजारभावांत आहे. जानेवारी १८६३ च्या अखेरीस रिचमंडच्या एका वृत्तपत्राने लहान कुटुंबाच्या आठवड्याच्या वाणसामानाचा तुलनात्मक तक्ता छापला. जोन्सने तो आपल्या वहीत उतरवून घेतला. जे सामान १८६० मध्ये सुमारे साडेसहा डॉलरना मिळत होते, त्याला आता अडुसष्ट डॉलरांवर पडत होते.

तक्त्यातील एकेक वस्तू पाहिली, तर युद्धकालीन अर्थव्यवस्थेचा एक पाठच समोर येतो. रत्तलभर पीठ पाच सेंटांवरून साडेबारा सेंटांवर, म्हणजे अडीचपट झाले होते. खारवलेले मांस साडेबारा सेंटांवरून एक डॉलरवर, म्हणजे आठपट झाले होते. साखर चौदापटींहून अधिक, चहा सोळापट, आणि कॉफी साडेबारा सेंटांवरून पाच डॉलरवर, म्हणजे चक्क चाळीसपट महाग झाली होती. जी वस्तू समुद्रमार्गे येत होती ती सर्वांत महागली. जी आसपासच्या शेतात पिकत होती ती त्या मानाने कमी महागली. नाकेबंदीचा परिणाम इतक्या स्पष्टपणे एखाद्या आरमारी अहवालातूनही कळणार नाही.

मात्र नाकेबंदी हे एकच कारण नव्हते. दक्षिणेच्या शासनाने युद्धाचा खर्च करांतून फार थोडा भागविला आणि उरलेल्यासाठी कागदी नोटा छापल्या. सैन्यासाठी धान्य सक्तीने व सरकारी दराने उचलले जाई. हा दर बाजारभावापेक्षा कमी असल्याने शेतकरी आपला माल शहराच्या वाटेवर आणण्यासच कचरू लागला. रेल्वेचे डबे सैन्याच्या कामी गुंतलेले. त्यातच निर्वासितांची भर पडून राजधानीची वस्ती फुगली. ही सर्व कारणे एकत्र आली आणि युद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात पिठाच्या एका पिंपाचा भाव हजार डॉलरांपर्यंत व त्याही पुढे गेला.

पगार वाढत होता, परंतु भावांच्या मागे राहून. १८६३ च्या वसंतात आपले वजन वीस रत्तलांनी घटल्याचे आणि पत्नी व मुले कृश झाल्याचे जोन्स नोंदवितो. घरामागील तुकड्यात त्याने भाजीपाला लावला होता. त्याच्या वाफ्यांची प्रगती तो लढायांच्या बातम्यांशेजारीच लिहितो. एके दिवशी स्वयंपाकघरात उंदीर बिळातून बाहेर आला व धाकट्या मुलीच्या हातातील पावाचा तुकडा त्याने निर्भयपणे खाल्ला. पाठोपाठ आणखी काही उंदीर आले. कदाचित आपल्यावर हेच खाण्याची पाळी येईल, असा शेरा त्याने त्यावर मारला आहे. साधनसामग्रीच्या तुटवड्याविषयी त्याच्या खात्यात कितीतरी टिपणे फिरत असतील. ही नोंद मात्र कोणत्याही फायलीत झाली नसती.

भाकरीचा दंगा

२ एप्रिल १८६३ रोजी रिचमंडमध्ये शेकडो स्त्रिया एकत्र जमल्या आणि बाजाराकडे निघाल्या. जोन्सला हा जमाव वाटेत भेटला. हे काय चालले आहे, असे विचारता एका फिकुटलेल्या तरुण स्त्रीने त्याला सांगितले की, आम्ही उपाशी आहोत व काही खावयास मिळते का ते पाहावयास निघालो आहोत. यश येवो, अशी सदिच्छा आपल्या तोंडून गेल्यावाचून राहिली नाही, आणि नफेखोरांकडील साठ्यांची दिशा तुम्ही बरोबर धरली आहे असेही आपण बोललो, असे हा सरकारी नोकर प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. पुढे दुकाने फोडली गेली, सैनिक आले आणि स्वतः अध्यक्ष डेव्हिस यांनी जमावापुढे येऊन, पांगला नाहीत तर गोळीबार होईल, अशी ताकीद दिली.

याच दिवशी युद्धखात्याने काय केले? या घटनेचा उल्लेखही करू नये, अशी लेखी विनंती शहरातील वृत्तपत्रांना करण्यात आली व तारेवरूनही बातमी बाहेर जाऊ न देण्याची खबरदारी घेण्यात आली. शत्रूला उत्तेजन मिळू नये, हा हेतू. बातमी अर्थातच फार काळ दडून राहिली नाही. परंतु एकाच दिवशी, एकाच खात्याच्या संदर्भात, दोन कागद तयार झाले. घटना झाकणारा कागद शासनाच्या नावे लिहिला गेला, घटना सांगणारा त्याच खात्यातील कारकुनाने रात्री घरी लिहिला. राज्याचे दफ्तर आणि कारकुनाची रोजनिशी एकत्र ठेवून का वाचावयाची, याचे उत्तर या दोन कागदांत आहे.

रोजनिशी कोठे फसविते

याचा अर्थ खाजगी कागद तेवढा खरा आणि सरकारी कागद तेवढा खोटा, असा काढणे चूक होईल. जोन्स पूर्वग्रहांनी भरलेला माणूस होता. महागाईचा दोष तो मुख्यतः नफेखोरांवर टाकतो आणि त्यातही ज्यू व्यापाऱ्यांविषयी वारंवार विषारी शब्द वापरतो. युद्धमंत्री बेंजामिन हे ज्यू असल्याने त्यांच्याविषयीही त्याच्या मनात अढी होती. नोटांच्या छपाईने भाव चढतात हे त्याला दिसत होते. तरी राग काढावयास त्याला माणूस लागे, आणि तो त्याने आपल्या द्वेषातून निवडला. शहरातील अफवा तो खऱ्या बातमीइतक्याच तत्परतेने टिपतो. आपण दिलेला सल्ला वरिष्ठांनी ऐकला असता तर अनर्थ टळला असता, हा सूरही वरचेवर येतो. रोजनिशी १८६६ मध्ये फिलाडेल्फिया येथे दोन खंडांत छापली गेली. युद्धानंतर छपाईपूर्वी त्याने काही नोंदी सुधारल्या असाव्यात, असा संशय अभ्यासकांनी व्यक्त केला आहे.

अशा वेळी दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. सुदैवाने याच युद्धखात्यातील विभागप्रमुख रॉबर्ट गार्लिक हिल कीन यानेही रोजनिशी लिहिली होती. ती १९५७ मध्ये प्रकाशित झाली. दोघांच्या नोंदी व सरकारी पत्रव्यवहार ताडून पाहिला म्हणजे कोणती गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेली, कोणती कानावर आलेली आणि कोणती केवळ मनातली, हे बरेचसे वेगळे करता येते. जोन्सने भाव लिहिला तर तो विश्वसनीय मानावा, कारण तो त्याने स्वतः मोजला होता. त्याने एखाद्याच्या हेतूविषयी लिहिले तर थांबून विचार करावा.

जे लिहिलेच गेले नाही

१८६० मध्ये रिचमंडची वस्ती ३८ हजारांच्या आसपास होती आणि तिच्यापैकी ११ हजारांहून अधिक माणसे गुलाम होती. त्यांच्या घरी पीठ किती होते, त्यांच्या मुलांचे वजन किती घटले, हे जोन्सच्या रोजनिशीत सापडत नाही. गुलामगिरी त्याला न्याय्य वाटत होती. गुलामांचा उल्लेख त्याच्याकडे येतो तो मालमत्ता, मजूर किंवा धोका म्हणून. सामान्य माणसाचा आवाज म्हणून आपण ज्या कागदाचे स्वागत करतो, त्याच्याही खाली न ऐकलेले आवाज असतात, हे वाचकाने विसरू नये. ३ एप्रिल १८६५ रोजी उत्तरेचे सैन्य रिचमंडमध्ये शिरले तेव्हा त्यात कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीही होत्या. शहराच्या एका मोठ्या वर्गासाठी तो पराभवाचा दिवस नव्हता, मुक्तीचा होता.

महाराष्ट्रात या मुक्तीचा अर्थ प्रथम ओळखणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील दास्यविमोचनाच्या कार्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या युद्धातून मुंबईच्या पेढ्यांना मिळाला तो कापसाचा नफा. पुण्यातील या विचारवंताने घेतला तो समतेचा आधार.

पलीकडच्या राजधानीतील कारकून

रिचमंडपासून सुमारे शंभर मैलांवर, उत्तरेच्या राजधानीत, त्याच काळी दुसरा एक लेखक सरकारी कचेरीत नकलनविसी करीत होता. कवी वॉल्ट व्हिटमन तो हाच. डिसेंबर १८६२ मध्ये जखमींच्या यादीत भावाचे नाव पाहून तो आघाडीवर गेला. भावाची जखम किरकोळ निघाली, परंतु तेथील इस्पितळे पाहून व्हिटमन वॉशिंग्टनमध्येच राहिला. सैन्याच्या पगार-वाटप कचेरीत दिवसाचे काही तास तो नकला करी आणि उरलेला वेळ जखमी सैनिकांपाशी घालवी. ज्यांना लिहिता येत नव्हते वा ज्यांचा हात निकामी झाला होता, त्यांची घरची पत्रे तो लिहून देई. स्वतःच्या आईला त्याने लिहिलेली पत्रे आणि खिशातील टिपणवह्या यांत इस्पितळांतील ते दिवस जतन झाले आहेत. त्याचा तोच भाऊ १८६४ मध्ये कैद झाला व काही काळ रिचमंडच्या तुरुंगात होता.

जानेवारी १८६५ मध्ये व्हिटमनला वार्षिक बाराशे डॉलरची कारकुनी मिळाली. त्याच वर्षी नव्या मंत्र्याने त्याला काढून टाकले. त्याच्या कवितासंग्रहाची टेबलात ठेवलेली प्रत हे त्याचे कारण झाल्याचे सांगतात. लगेच त्याला महान्यायवाद्यांच्या कचेरीत काम मिळाले. तेथे त्याच्या हस्ताक्षरात उतरलेली सुमारे तीन हजार सरकारी पत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ओळखली गेल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. सव्वाशेहून अधिक वर्षे ती पत्रे निनावी होती. कारकून सरकारी कागद लिहितो, पण त्यावर त्याचे नाव नसते.

दफ्तराची अखेर

२ एप्रिल १८६५ रोजी रविवारी दक्षिणेच्या शासनाने राजधानी सोडली. माघार घेताना गोदामांना लावलेली आग शहरभर पसरली. तिच्यात न्यायालयाची इमारतही जळाली. व्हर्जिनियातील अनेक जिल्ह्यांनी आपली जमीनजुमल्याची व वारसांची जुनी दफ्तरे युद्धाच्या काळात सुरक्षित राहावीत म्हणून राजधानीत आणून ठेवली होती. तीच नेमकी भस्मसात झाली. जी दफ्तरे गावीच राहिली त्यांतील कित्येक वाचली. युद्धखात्याचे बरेचसे कागद आगगाडीने दक्षिणेकडे नेण्यात आले होते. ते नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे विजयी सैन्याच्या हाती सुखरूप पडले.

त्यानंतर वॉशिंग्टनच्या शासनाने केलेले काम विशेष उल्लेखनीय आहे. शत्रूचे दफ्तर नष्ट न करता ते जपण्यात आले. १८७८ मध्ये दक्षिणेच्याच एका माजी सेनानीला त्या बाजूचे विखुरलेले कागद जमविण्यासाठी नेमण्यात आले, आणि १८८० ते १९०१ या काळात दोन्ही बाजूंचा अधिकृत पत्रव्यवहार १२८ ग्रंथांत छापला गेला. जोन्स मात्र हे पाहावयास उरला नाही. शासन पळाले तेव्हा तो कुटुंबासह रिचमंडमध्येच राहिला. फेब्रुवारी १८६६ मध्ये, रोजनिशीची छपाई चालू असतानाच, बर्लिंग्टन येथे त्याचे निधन झाले.

आपल्यापुरता विचार

आपल्या गावांनीही कसोटीचे काळ पाहिले आहेत. १९७२ च्या दुष्काळातील कामांची हजेरीपत्रके, २०२० च्या साथीतील ग्रामपंचायतीचे ठराव हे दफ्तरात असतील, नसल्यास असावयास हवेत. परंतु त्या दिवसांत ज्वारी काय भावाने मिळाली, पाणी किती अंतरावरून आणले, शाळेत किती मुले उपाशी आली, हे एखाद्या तलाठ्याच्या खाजगी वहीत, शिक्षकाच्या पत्रात किंवा घरातील जमाखर्चाच्या चोपडीत लिहिलेले असते. घर झाडताना असे कागद रद्दीत जातात. ग्रामपंचायतींनी व शाळांनी ते मालकांच्या संमतीने पाहून त्यांची यादी करावी, शक्य तर प्रत काढून ठेवावी. मूळ कागद एकाच ठिकाणी असू नये, एवढा धडा रिचमंडच्या आगीने दिलाच आहे.

शिक्षकांना असा एखादा कागद वर्गात वाचून दाखविता येईल. वाचल्यावर विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारावेत. लिहिणाऱ्याने हे स्वतः पाहिले की ऐकले? घटनेनंतर किती काळाने लिहिले? त्याचा राग वा लोभ कोणावर आहे? आणि या कागदात कोणाचा उल्लेखच नाही? जोन्सच्या रोजनिशीतील कॉफीचा भाव पहिल्या प्रश्नाला उतरतो, त्याचा व्यापाऱ्यांवरील संताप तिसऱ्या प्रश्नाला अडतो आणि रिचमंडचे अकरा हजार गुलाम चौथ्या प्रश्नाची वाट पाहत असतात.